घशाकडचा बाण

बाणकाकांना खऱ्या नावाने हाक मारणारा आता फक्त पोस्टमन उरला होता, आणि तोही पाकिटावर लिहिलेलं असतं म्हणून. बाकी सगळ्यांचे ते बाणकाका. बस डेपोच्या पेंटरखात्यात त्यांनी एकतीस वर्षं काढली. बसच्या कपाळावरचे आकडे, थांब्यांच्या पाट्या, 'चालकाशी बोलू नये', 'मागच्या दाराने चढा', सगळं त्यांच्या हातचं. पुढे छापील चिकटपट्ट्या आल्या आणि पेंटरखात्यात काका, एक मोडकी खुर्ची आणि एक मांजर एवढेच उरले. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी त्यांना घड्याळ दिलं. ज्याला आता कुठेच वेळेवर पोचायचं नाही त्याच्या हातात घड्याळ द्यावं, हे साहेब लोकांनाच सुचतं.

काकूंनी आठ दिवस कळ काढली. नवव्या दिवशी त्या म्हणाल्या, "घरातल्या डब्यांवर नावं रंगवून झाली, आता माझ्या कपाळावर नंबर टाकायच्या आत काहीतरी काम शोधा." काम आपणहून चालत आलं. शहरापासून बसने तासाभराच्या अंतरावर चुनखडकाचे डोंगर आहेत. तिथल्या पायवाटा सांभाळणारं एक मंडळ होतं आणि त्या मंडळाचा एकच हट्ट होता: प्रत्येक वाट बसथांब्यावर सुरू व्हायला हवी आणि बसथांब्यावरच संपायला हवी. ज्याच्याकडे गाडी नाही त्यालाही डोंगर मिळाला पाहिजे. पाच वाटा, दहा थांबे आणि वाटांवरच्या दगडांवर मिळून दोनशे बारा तांबडे बाण. हे बाण वेळच्या वेळी रंगवायला माणूस हवा होता. हात न थरथरता सरळ रेघ ओढणारा आणि बसचं वेळापत्रक तोंडपाठ असलेला माणूस त्यांना याहून चांगला कुठे मिळणार?

चुनखडकाचा डोंगर म्हणजे दिसायला पहिलवान आणि आतून पोकळ. पाऊस पडला की पाणी वाहून जात नाही, आत जिरतं, आणि जिरता जिरता दगड खात सुटतं. ओढा खळखळत येतो आणि बघता बघता जमिनीत नाहीसा होतो. वर नुसतं गवत दिसतं, झुडपं दिसतात, आणि खाली विहिरीएवढी पोकळी असते. कधीतरी वरचं छत बसतं. अशा भोकांना डोंगरातले लोक घसे म्हणतात. 'अमक्याची शेळी घशात गेली' असं ते इतक्या सहज सांगतात की नवख्या माणसाला हसावं की पळावं ते कळत नाही. मंडळाच्या वाटा या घशांना वळसे घालत जात. म्हणून तिथे बाण ही शोभेची गोष्ट नव्हती. बाण सोडून चाळीस पावलं डावीकडे गेलेला माणूस परत येईलच असं तिथे कुणी म्हणत नसे.

काकांचा एक नियम होता आणि तो त्यांनी नऊ वर्षं पाळला होता. जुनी खूण हलवायची नाही. ज्याने पहिल्यांदा बाण काढला त्याने तो विचार करून काढलेला असतो. आपण रंगाऱ्याने शहाणपणा करायचा नाही. खूण दिसली की ब्रशने घासायची, पुसायची, आणि तिच्यावरच नवा रंग चढवायचा. डेपोतही त्यांनी हेच केलं होतं. पाटीवर गावाचं नाव काय लिहायचं हे ठरवणं पेंटरचं काम नव्हे. आणि खरं सांगायचं तर त्या डोंगरात बाणांची गरज नसलेला एकच माणूस होता, तो म्हणजे बाणकाका. त्यांच्या पायांना वाट पाठ होती. बाण कुठे दाखवतो हे त्यांनी शेवटचं केव्हा पाहिलं असेल कोण जाणे. ते फक्त रंग बघत. उडाला आहे की टिकला आहे, एवढंच.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी काकांनी कुणालाच सांगितली नव्हती. गेल्या वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं, "दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. उजवा चांगलाच पिकलाय. लवकर काढून टाका." काका घरी येऊन काकूंना म्हणाले, "नंबर थोडा वाढलाय." का? तर ऑपरेशन म्हटलं की महिनाभर सुट्टी, सुट्टी म्हटलं की मंडळाला कारण सांगणं आलं, आणि मंडळाने एकदा का ब्रश दुसऱ्याच्या हातात दिला की तो परत कशाला मिळतोय? पुन्हा ते डबे, ती खुर्ची आणि भिंतीवरचं ते घड्याळ. म्हणून त्यांनी ऑपरेशन पुढे ढकललं. हिवाळा संपू दे म्हणाले, मग उन्हाळा संपू दे म्हणाले. माणूस डोळ्यांपेक्षा कामाला जास्त जपतो, हा शुद्ध मूर्खपणा आहे. पण ज्याने रिकामी दुपार काढलेली नाही त्याने काकांना हसू नये.

त्या साली बारा दिवस पाऊस लागून राहिला. तेराव्या दिवशी, मंगळवारी, काका साडेसहाच्या बसने निघाले. पाठीवर पिशवी, पिशवीत तांबडा रंग, दोन ब्रश, चिंध्या आणि चहाचा थर्मास. बस चालवणाऱ्या बाई त्यांच्या ओळखीच्या. डेपोत त्या नव्या आल्या तेव्हा त्यांच्या पहिल्या बसचा आकडा काकांनीच रंगवला होता.

"एवढ्या चिखलात कशाला चाललात?" ड्रायव्हरबाईंनी विचारलं.

"पावसाने रंग धुतला असणार. लोक बाहेर पडायच्या आत हात फिरवून येतो."

शेवटच्या थांब्यावर ते एकटेच उतरले. डोंगर धुक्यात बुडला होता. बस वळून गेली आणि मग इतकी शांतता झाली की स्वतःच्या बुटांचा आवाजही नकोसा वाटावा. एक गोष्ट त्यांना खटकली. चढणीच्या सुरुवातीला जो ओढा नेहमी उजव्या हाताला वाहायचा, तो ऐकू येत नव्हता. बारा दिवस पाऊस पडलाय आणि ओढा गप्प? काका क्षणभर थांबले. मग म्हणाले, धुक्यात आवाज दबतो. आणि चालू लागले.

पाऊण तासाच्या चढणीनंतर त्या वाटेवरचा सगळ्यात मोठा दगड लागतो. म्हशीएवढा. वाट इथून डावीकडे वळते आणि डोंगराच्या धारेधारेने झऱ्याकडे जाते. दगडावरचा बाण म्हणजे त्या वाटेचा जीव. काका दगडापाशी आले, हाताने चाचपलं, तर खूण सापडेना. दगडाला वळसा घातला तेव्हा ती सापडली. धुक्याला आणि आपल्या डोळ्यांना एक एक शिवी हासडून ते गुडघ्यावर बसले. घासलं, पुसलं, आणि जुन्या खुणेवर नवा बाण चढवला. ठसठशीत, ओला, तांबडा. रेघ इतकी सरळ आली की त्यांनाच बरं वाटलं. उठताना त्यांनी दगडाला हात टेकवला आणि पायाखालून एक आवाज आला, रिकाम्या पिंपावर बुक्की मारल्यासारखा. काका पाच मिनिटं कान देऊन उभे राहिले. पुन्हा काही आलं नाही.

थोड्या वेळाने ऊन पडलं. नेहमीप्रमाणे दगडाच्या सावलीच्या बाजूला पाठ टेकून त्यांनी चहा घेतला. पाठीला दगड स्वच्छ, खरखरीत लागला. छान वाटलं त्यांना.

सव्वादहाला ते थांब्यावर परत आले, आणि दहा वीसच्या बसमधून मंगळवारच्या बाई उतरल्या. या बाई शहरातल्या एका शाळेत ग्रंथपाल होत्या. त्यांची सुट्टी मंगळवारी, म्हणून मंगळवारच्या बाई. गेली सहा वर्षं एकट्या यायच्या, झऱ्यापर्यंत जायच्या, पुस्तक वाचायच्या आणि शेवटच्या बसने परतायच्या. दोघांचं बोलणं दोन मिनिटांचं, पण नेमाने होणारं.

"काय काका, वाट कशी आहे?"

"घसरडी आहे. जपून पाय टाका. पण खुणा अगदी ताज्या आहेत, रंगसुद्धा वाळला नाही अजून. बाण सोडू नका म्हणजे झालं."

"तुमचा बाण मी कशाला सोडते!" असं म्हणून त्या हसल्या आणि चढणीला लागल्या. काका बसमध्ये बसले आणि त्यांना छान डुलकी लागली.

साडेअकराला घरी आल्यावर त्यांनी सदरा काढून काकूंच्या हातात दिला. काकूंनी तो उलटा केला, सुलटा केला, आणि म्हणाल्या, "आज दगडाला टेकला नाहीत वाटतं?"

"टेकलो की. का?"

"मग पाठ कोरी कशी? नऊ वर्षं झाली, त्या वाटेवरून आलात की तुमच्या सदऱ्याच्या पाठीवरचं हिरवं शेवाळं घासून घासून माझी बोटं झिजली. आज डाग नाही. मेहेरबानी म्हणायची!"

काका हसणार होते. तोंड उघडलंही. आणि मग तसंच उघडं राहिलं.

त्या दगडाच्या एका बाजूला दिवसभर ऊन लागत नाही. तिथे बोटभर शेवाळं आहे आणि ते बारमाही ओलं असतं. काका नेहमी तिथेच टेकतात, कारण सकाळी सावली तिथेच असते. आज ते सावलीतच टेकले होते. आणि सावलीतला दगड खरखरीत होता, एरवी उन्हात असणाऱ्या बाजूसारखा. शेवाळं तेरा दिवसांत जागा बदलत नाही. जागा बदलली होती ती दगडाने. बारा दिवसांच्या पाण्याने खालची माती ओढून नेली होती आणि म्हशीएवढा दगड जागच्या जागी फिरला होता. म्हणून खूण शोधायला वळसा घालावा लागला. धुकं नव्हतं ते. आणि दगड फिरला म्हणजे बाण फिरला. धारेकडे दाखवणारा बाण आता सरळ पुढे दाखवत होता. पुढे जुना घसा होता. त्या बाणावर त्यांनी आज सकाळी, सगळी अक्कल गहाण टाकून, ताजा रंग चढवला होता, आणि एका बाईला म्हणाले होते, बाण सोडू नका.

"काय झालं? पांढरे का पडलात?" काकू म्हणाल्या.

काकांनी फोन घेतला. मंगळवारच्या बाईंचा नंबर त्यांच्याकडे नव्हता, आणि असता तरी डोंगरात फोन लागत नाही. त्यांनी मंडळाच्या सेक्रेटरींना लावला. सेक्रेटरी हा तसा भला माणूस, पण एखादी गोष्ट पटेपर्यंत तिच्यासाठी हात न हलवणारा.

"दगड फिरला?" सेक्रेटरी म्हणाले. "काका, एवढा मोठा दगड फिरेल कसा? आणि तुम्ही तर सकाळी तिथेच होतात. बाण चुकीचा असता तर तुम्हाला दिसला नसता का?"

काकांना उत्तर देता आलं असतं. एका वाक्याचं उत्तर होतं. पण ते वाक्य टाळून ते म्हणाले, "धुकं होतं हो. तुम्ही माणसं पाठवा. दोर घेऊन पाठवा."

"आधी खात्री तर करू."

"खात्री करायला मीच चाललोय," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. काकू दारात चप्पल घालून उभ्याच होत्या. काका नको म्हणाले, पण त्या ऐकतात कशाला.

बारा चाळीसच्या बसवर पुन्हा त्याच ड्रायव्हरबाई होत्या. त्या दिवशी त्यांची दुहेरी पाळी होती. काकांनी त्यांना दाराशी उभं राहूनच सगळं सांगितलं. स्वतःच रंगवलेली 'चालकाशी बोलू नये'ची पाटी त्यांच्या डोक्यावर होती. ड्रायव्हरबाईंनी डेपोला वायरलेसवर कळवलं, "शेवटच्या थांब्यावर अपघाताची शक्यता आहे, बचाव पथक पाठवा." शक्यता काय म्हणून विचारल्यावर त्या म्हणाल्या, "शक्यता नाही, अपघात झालाय. पाठवा." मग त्यांनी गिअर टाकला आणि पुढे बघतच हळू आवाजात म्हणाल्या, "काका, तुम्ही बसचा आकडा वाचत नाही. इंजिनाच्या आवाजावरून ओळखता. वर्ष झालं, मी बघतेय."

मागच्या बाकावर बसलेल्या काकूंनी हे ऐकलं की नाही ते त्यांना कळलं नाही, आणि वळून बघायची हिंमत झाली नाही.

थांब्यावर उतरल्यावर काकूंना तिथेच बसवून ते चढणीला लागले. नेहमीचा पाऊण तासाचा रस्ता त्यांनी अर्ध्या तासात कापला. छातीचा भाता झाला होता. दगडापाशी आल्यावर त्यांनी बाण डोळ्यांनी पाहायचा प्रयत्न केला. तांबडा धूसर पट्टा दिसला, बाकी काही नाही. मग त्यांनी बोट लावलं आणि रेघेवरून टोकापर्यंत नेलं. रंग अजून चिकट होता. टोक जिकडे होतं तिकडे धार नव्हती. आणि टोकाच्या जवळ, रंगातच, आधीच उमटलेलं एक बोट त्यांच्या बोटाला लागलं. त्यांच्यापेक्षा बारीक. रंग खरंच ओला आहे का, हे कुणीतरी गंमत म्हणून बघितलं होतं.

काका उठले आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या बाणामागे चालले. वाटेकडेला पडलेली एक काठी उचलून, तिने पुढची जमीन ठोकत, एक एक पाऊल टाकत. सत्तरएक पावलांवर गवताची कड तुटलेली लागली. जुना घसा रुंदावला होता. काठावरच्या पांढऱ्या दगडावर तांबडा डाग होता. त्यांनी वाकून वास घेतला. रक्त नव्हतं, रंग होता. रंगाच्या वासाने बरं वाटावं अशी वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती.

"बाई!" त्यांनी हाक मारली. "ओ बाई!"

खाली पाणी वाहत होतं. सकाळी हरवलेला ओढा इथे होता. काकांनी पोटावर झोपून, डोकं कडेबाहेर काढून हाका मारल्या. किती वेळ, त्यांना सांगता येत नाही. मग पाण्याच्या आवाजातून बारीक कण्हल्यासारखं काही आलं.

"मी इथे आहे," काका ओरडले. "हलू नका. मी इथेच आहे." दीड तास ते हेच ओरडत राहिले, कारण दुसरं करण्यासारखं त्यांच्या हातात काही नव्हतं.

चारच्या सुमाराला पथक आलं, सोबत धापा टाकत सेक्रेटरी. पाचला बाईंना दोराने वर काढलं. पाय मांडीपासून मोडला होता, ओठ निळे पडले होते, शुद्ध येत-जात होती. स्ट्रेचरवर घेताना त्यांनी काकांचा आवाज ओळखला. "काका, माझंच चुकलं," त्या पुटपुटल्या. "बाण बरोबरच असणार. मीच कुठेतरी भलतीकडे वळले."

सेक्रेटरींनी हे ऐकलं आणि त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. सगळे खाली थांब्यापर्यंत आले, ॲम्ब्युलन्स बाईंना घेऊन गेली, तेव्हा त्यांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला. "ऐकलंत ना? बाई स्वतःच म्हणतात, त्यांची चूक. दगडाचं काय ते उद्या बघू. तुम्ही घरी जा, झोपा."

काकांना वाटलं, जावं. मनापासून वाटलं. पलीकडे काकू उभ्या होत्या आणि शेवटची बस दिवे लावून तयार होती. तेवढ्यात ड्रायव्हरबाई खाली उतरल्या.

"सेक्रेटरीसाहेब, आणखी एक आहे," त्या म्हणाल्या. "पाण्याच्या टाकीच्या थांब्यावर सकाळी एक जोडपं उतरलं होतं. नवीनच लग्न झालेलं असावं. शेवटच्या बसने येतो म्हणाले होते. आत्ता येताना मी तिथे दहा मिनिटं हॉर्न वाजवला. कुणी आलं नाही."

"रमले असतील कुठेतरी," सेक्रेटरी म्हणाले. "त्या वाटेवर तर काकांनी परवाच खुणा ताज्या केल्यात. हो ना काका?"

बारा दिवसांच्या पावसात, पाऊस थोडा थांबला की काका निघत. असं करत त्यांनी एकसष्ट बाण रंगवले होते. टाकीच्या वाटेवरचे चौदा. जिथे खूण सापडली तिथे रंग दिला होता. त्यातले किती दगड आपल्या जागी होते?

"त्यातले किती बाण बरोबर आहेत मला माहीत नाही," काका म्हणाले.

"म्हणजे?"

"मला दिसत नाही. वर्षभर दिसत नाहीये. बाईंची काही चूक नाही. मीच त्यांना तिकडे पाठवलं."

सेक्रेटरींनी खांद्यावरचा हात काढून घेतला. काकूंच्या डोळ्यांत काय होतं ते काकांना त्या उजेडात दिसलं नाही, आणि दिसलं असतं तरी सहन झालं नसतं.

पथकाच्या प्रमुखाने टॉर्च पेटवला. "ती वाट आमच्यापैकी कुणाला माहीत नाही. अंधार पडायला अर्धा तास आहे. बाणांवरून जाता येणार नाही म्हणता, मग जायचं कसं?"

"माझ्या मागून या," काका म्हणाले. "बाण दिसला तरी बघू नका."

ड्रायव्हरबाईंनी सगळ्यांना बसने टाकीच्या थांब्यावर सोडलं. काका सर्वांत पुढे झाले. कमरेला दोर, दोराचं दुसरं टोक पथकप्रमुखाच्या हातात. नऊ वर्षं ही वाट ते स्वतःशीच गप्पा मारत, शीळ घालत चढले होते. आता त्यांनी काठीने जमीन ठोकली, कान दिला, आणि पाऊल टाकलं. पुन्हा ठोकली. चौथ्या पावलाला डोंगरातून तो रिकाम्या पिंपासारखा आवाज आला. मागचे सगळे जागच्या जागी थिजले.

काकांनी त्या दोघांना हाक मारायला तोंड उघडलं, आणि त्यांच्या लक्षात आलं की हाक ऐकली तर ते दोघं आवाजाच्या दिशेने, सरळ चालत येतील.

त्यांनी तोंड मिटलं आणि काठी पुढच्या जमिनीवर टेकवली.